ओल्या गावातली इस्त्री

माझे बाबा कचेरीत कायम पांढराच शर्ट घालून जायचे. ते सरकारी कारकून होते. आमचं मूळ गाव बिडकीनजवळ. तिथलं वावर थोरले काका बघायचे. बाबा शिकून शहरात आले, नोकरीला लागले आणि गारखेड्यात दोन खोल्या बांधून राहिले. तेव्हाचं औरंगाबाद ते. आमच्या घरापुढं मोकळे प्लॉट होते आणि त्यांत बाभळी वाढल्या होत्या. बघता बघता बाभळी गेल्या, कॉलन्या उभ्या राहिल्या, कोपऱ्यावर मेडिकल आलं, झेरॉक्सचं दुकान आलं. नळाचं पाणी मात्र त्या वेगानं आलं नाही.

दुष्काळाच्या वर्षांत तर आठवडा आठवडा नळ कोरडा असायचा. टँकरचा आवाज आला की सगळी गल्ली घागरी, ड्रम, तेलाचे डबे घेऊन पळायची. आईनं घरात पाण्याचे कायदे केले होते. अंघोळ टबात उभं राहूनच करायची आणि टबातलं पाणी संडासाला वापरायचं. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. कपडे धुवायचे ते टँकर येऊन गेल्यावरच.

आईचे सगळे कायदे बाबा पाळायचे, पण मळका शर्ट घालून खुर्चीवर बसायला ते तयार नव्हते. त्यांनी स्वतःची एक रीत काढली होती. कचेरीतून आले की शर्ट काढून तांब्याभर पाण्यात फक्त कॉलर, कफ आणि काखा धुवायचे. बाकीचा शर्ट कोरडाच. सकाळी उठून ओलं फडकं घट्ट पिळून शर्टावरून फिरवायचे आणि इस्त्री करायचे. तो शर्ट चार दिवस अंगात होता, हे कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

मला ते बघायला फार आवडायचं. मी शेजारी उभी राहिले की म्हणायचे, "नुसतं बघू नको, हात लाव." मग माझा हात धरून इस्त्री कॉलरवर ठेवायचे. "टोकाकडनं मधी यायचं. मधनं टोकाकडं गेलीस की सगळ्या सुरकुत्या टोकाला गोळा व्हत्यात, अन् लोक टोकच बघत्यात."

कॉलर झाली की खांद्याची पट्टी, मग कफ, बाह्या, आणि शेवटी अंग. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. त्या वर्षांत वीजही धड नसायची. भारनियमनात सकाळचे दोन-तीन तास लाईट जायची आणि बाबांची पंचाईत व्हायची. म्हणून एका रविवारी ते मला घेऊन शहागंजला गेले. जुन्या सामानाच्या एका दुकानात पितळी मुठीची कोळशाची इस्त्री होती. दुकानदार म्हातारा होता, टोपी घातलेला. बाबांनी इस्त्री उचलून वजन पाहिलं तसा तो हसून म्हणाला, "ले जाव साब, इसकू लाइट की गरज नई." ती इस्त्री मांडीवर घेऊन मी स्कूटरवर मागं बसले आणि घरी येईपर्यंत माझे पाय बधिर झाले.

पुढं मी बी.कॉम. झाले, वाळूजच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात लागले. लग्न झालं तेही वाळूजच्याच माणसाशी. माझा नवरा साचे बनवतो. प्लॅस्टिकच्या बादल्या, खुर्च्या, गाड्यांचे भाग ज्यातून निघतात ते पोलादी साचे. त्याच्या हाताला कीर्ती होती. एके दिवशी त्याला पोर्तुगालमधून बोलावणं आलं. तिथं समुद्राजवळ एक छोटं गाव आहे, पिढ्यानपिढ्या साचे बनवणाऱ्यांचं. आम्ही दोघंही तोवर पुण्यापलीकडं फारसं गेलो नव्हतो. दोन सुटकेसा, एक कुकर आणि आईनं दिलेलं काळं तिखट घेऊन आम्ही तिथं उतरलो.

उतरलो तो नोव्हेंबर होता आणि पाऊस पडत होता. मला वाटलं, थांबेल. तो फेब्रुवारीपर्यंत थांबला नाही. मी ज्या शहरातून आले होते तिथं गच्चीवर वाळत घातलेला शर्ट चहा होईपर्यंत कडक व्हायचा. इथं घरात दोरीवर टाकलेली पँट चौथ्या दिवशीही दमट. भिंतींवर काळी बुरशी धरायची, कपाटातल्या साड्यांना वास यायचा. पाण्याला ताण नाही अशा गावात यावं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न. पण आता मी रोज खिडकीत उभी राहून म्हणायचे, अरे बाबा, पुरे कर.

नवरा सकाळी कामावर जायचा. मला भाषा येत नव्हती. हिशेबाच्या कामासाठी चार ठिकाणी विचारलं. सगळे हसून, अदबीनं नाही म्हणाले. मग मी घरातलं सगळं आवरून झालं की नवऱ्याचे शर्ट इस्त्री करत बसायचे. ओल्या हवेत कापड लवचीक राहायचं, इस्त्री सुरेख बसायची. झालेला शर्टसुद्धा मी पुन्हा करायचे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर बायकांचं सलून होतं. मालकीण साठीची, आवाजानं खणखणीत, केस दर महिन्याला वेगळ्या रंगाचे. एकदा जिन्यात ती समोर आली आणि तिनं सरळ माझ्या नवऱ्याची कॉलर चिमटीत धरली. तो बिचारा भिंतीला टेकला.

"हे कोण करतं?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ती एक टोपली घेऊन दारात उभी. तिच्या सलूनमधले पांढरे अंगरखे, एक टेबलक्लॉथ, तिच्या नवऱ्याचे शर्ट. हातानं इस्त्रीची खूण केली, मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून पैशाची खूण केली. मी मान हलवली, पैसे नकोत. तिनं माझ्यापेक्षा जोरात मान हलवली. "काम आहे तर पैसे," एवढं मला कळलं. मी नुकतीच भाषेच्या वर्गाला जायला लागले होते आणि त्याच आठवड्यात 'काम' हा शब्द झाला होता.

तिच्याकडूनच मला समजलं की त्या देशात नुसत्या इस्त्रीची दुकानं असतात. नवरा-बायको दोघं कामाला जातात, कपडे वाळत नाहीत, वाळले तर चुरगळतात. लोक टोपल्या भरून देतात आणि घेऊन जातात. तिथल्या आमच्या गावात असं एक दुकान होतं, ते मागच्या वर्षी बंद पडलं होतं.

"तू उघड," ती म्हणाली. "माझ्या सलूनचा पुढचा कोपरा रिकामा आहे."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं आणि वर हेही म्हणाले, "बी.कॉम. होऊन लोकांची कापडं दाबायची म्हणजे जरा…"

तो जेवता जेवता थांबला. "तुला आवडतं का नाही ते सांग."

"आवडतं."

"मग झालं की. मी बी.ई. नाहीये, लोखंड घासतो. मला आवडतं म्हणून आपण इथं आलो."

धंद्याची नोंद करायला कर भरण्याच्या कचेरीत सलूनवाली माझ्यासोबत आली. सकाळची गिऱ्हाइकं तिनं दुपारवर ढकलली होती. तिथल्या साहेबानं एक प्रश्न विचारायचा, तिनं तीन उत्तरं द्यायची, आणि मी जिथं दाखवतील तिथं सही करायची. बाहेर आल्यावर तिनं माझ्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले आणि म्हणाली, "आता तू मालकीण." मला रडू फुटलं. तिनं मला कोपऱ्यावरच्या कॅफेत नेलं आणि अंड्याच्या गोड सारणानं भरलेली, वाटीसारखी खुसखुशीत पेस्ट्री खायला घातली.

पहिल्याच शनिवारी मोठा घोटाळा झाला. मी वाफेची नवी इस्त्री आणली होती, बॉयलर असलेली. ती तापायला लागली, तिकडं सलूनवालीनं केस वाळवायची दोन्ही यंत्रं सुरू केली, आणि सगळी वीज गेली. खुर्चीत डोक्याला अर्धा रंग लावलेली बाई बसली होती. तिला लग्नाला जायचं होतं. ती ओरडली, सलूनवाली ओरडली, मी अंधारात "माफ करा, माफ करा" म्हणत राहिले. शेवटी सलूनवालीनं खुर्चीवर चढून मेन स्विचचं बटण वर केलं आणि खाली उतरून हसत सुटली. रंग लावलेली बाईही हसायला लागली. पुढं तीच माझी पहिली कायमची गिऱ्हाईक झाली.

आम्ही मग असा तोडगा काढला की तिची यंत्रं चालू असली की मी बटणं लावायची, घड्या घालायच्या, टांगायचं काम करायचं. यंत्रं बंद झाली की ती कंगव्यानं आरशावर टकटक करायची आणि मी इस्त्री घ्यायची. तिला वाटायचं मला याचा त्रास होत असेल. मी तिला सांगायला गेले की मी भारनियमनात वाढलेली मुलगी आहे. तो शब्द काही मला तिच्या भाषेत सांगता आला नाही.

दोन हिवाळे असे काढले. लोक ओले कपडे आणायचे तेही मी घ्यायला लागले. सलूनच्या मागच्या खोलीत दोऱ्या बांधून, पंखा लावून वाळवायचे आणि मग इस्त्री. शेजारचं चपलांचं दुकान रिकामं झालं तेव्हा सलूनवालीनंच घरमालकाशी बोलून ते मला मिळवून दिलं. "मला माझा कोपरा परत पाहिजे," असं म्हणाली, पण दुकान उघडलं त्या दिवशी सगळ्यांत जास्त डोळे तिनंच पुसले.

घरी मात्र मी नीट सांगितलं नव्हतं. मधल्या काळात आई गेली होती आणि बाबा गारखेड्यात एकटे होते. त्यांना मी "छोटा व्यवसाय आहे, कपड्यांचा" एवढंच सांगायचे. मग कुणीतरी माझ्या दुकानाचा फोटो गावाकडं पोचवला. काकांचा बाबांना फोन गेला. तो फोन कसा झाला ते मला चुलतभावानं नंतर सांगितलं. काका म्हणाले होते, "आपल्या घरातली पोरगी दुसऱ्याची कापडं दाबती? त्याच्यासाठी इमानात बसवून धाडली व्हय तिला?"

बाबांचा रविवारचा फोन त्या आठवड्यात आला नाही. मी केला तर उचलला नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बुधवारी दुकानात असताना त्यांचा फोन आला. मी हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

"खळ कुठली वापरतीस?" बाबांनी विचारलं.

"अं?"

"कॉलरला. खळ कुठली?"

"इथं फवारा मिळतो, बाबा."

"फवाऱ्यानं पांढऱ्यावर पिवळट डाग धरत्यात. तांदळाची पेज लाव, गाळून. पातळ. अन् एका चिंधीवर करून बघ आधी." मग थोडं थांबून, "काका काय म्हणाले ते तुझ्या कानावर आलं असंल. मनावर घेऊ नको. मी तीस वरसं रोज सकाळी हेच केलं."

समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं मला रुमाल दिला.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही बाबांना बोलावून घेतलं. ते पांढरा शर्ट घालूनच विमानातून उतरले, आणि इतक्या लांबच्या प्रवासानंतर त्यांच्या कॉलरची टोकं जागच्या जागी होती. पहिले काही दिवस ते दुकानात खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघायचे. माझ्याकडून ऐकून ते लोकांना "ओब्रिगादा" म्हणायला लागले. धन्यवाद म्हणताना बाईनं 'दा' म्हणायचं आणि पुरुषानं 'दू', हे मी त्यांना सांगेपर्यंत अर्ध्या गल्लीनं ते ऐकलं होतं. लोक मजेनं त्यांना मुद्दाम दार उघडून धरायचे, म्हणजे ते पुन्हा म्हणतील.

गावाचा एक बँड आहे. तुताऱ्या, ढोल, बासऱ्या. पोस्टमन, शिक्षक, साचेवाले, शाळेतल्या मुली असे सगळे त्यात वाजवतात. जूनमध्ये गावच्या जत्रेत तो मिरवणुकीपुढं चालतो. जत्रेच्या आदल्या दिवशी बँडचा प्रमुख धापा टाकत दुकानात आला. त्यांच्या खोलीत वरचा नळ फुटला होता आणि कपाटातले सगळे गणवेश भिजून गोळा झाले होते. निळे लोकरी कोट, त्यांवर सोनेरी गोफ, आणि आतले पांढरे शर्ट. मागं गाडी भरून आणले होते.

"उद्या दुपारी मिरवणूक," तो म्हणाला. "होईल का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. एकटीनं ते होण्यासारखं नव्हतंच. तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. भाषा त्यांना कळली नव्हती, पण ढिगाकडं बघून सगळं कळलं होतं. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या दुमडल्या.

"दुसरं टेबल कुठंय?" त्यांनी विचारलं. "शर्ट माझ्याकडं दे. कोट तू घे. लोकरीवर थेट इस्त्री ठेवू नको, फडकं टाक."

"माहितीय, बाबा."

"माहितीय तर हाल की मग."

सलूनवालीनं तिचं दुकान लवकर बंद केलं आणि केस वाळवायची यंत्रं घेऊन आली. कोटांच्या अस्तरात गरम हवा सोडून तिनं ते वाळवले. नवरा पाळी संपवून आला तो टांगण्यांची व्यवस्था करत बसला. दोऱ्या पुरेनात तेव्हा कारखान्यातून लोखंडी सळया घेऊन आला. बँडच्या प्रमुखाची बायको सूप घेऊन आली आणि तिथंच थांबून गोफांची सुटलेली टोकं शिवायला लागली. त्या छोट्याशा दुकानात मराठी, पोर्तुगीज आणि हातवाऱ्यांची अशा तीन भाषा चालल्या होत्या आणि कुणाचं काही अडत नव्हतं. मध्येच मी बाबांकडं पाहिलं. ते घामानं भिजले होते, आणि कॉलरच्या टोकाकडून मध्ये, टोकाकडून मध्ये असा त्यांचा हात चालला होता. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका मोकळा मी बघितला नव्हता.

मिरवणूक वेळेवर निघाली. आम्ही फुटपाथवर उभे होतो. बँड वाजवत समोरून गेला, उन्हात सोनेरी गोफ चमकत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते. बाबा मात्र मान पुढं काढून बघत होते.

"त्या ढोलवाल्याची डावी बाही," ते माझ्या कानाशी म्हणाले, "घाईत राहिली बघ."

संध्याकाळी रस्त्यातच लांब टेबलं मांडली होती. कोळशावर मासे भाजत होते. बँडच्या प्रमुखानं बाबांना आपल्या शेजारी बसवलं. जाड पावाच्या तुकड्यावर भाजलेला मासा ठेवून दिला आणि स्वतः हातानं खायला लागला. बाबांनी इकडं तिकडं पाहिलं. सगळेच हातानं खात होते.

"हे बी आपल्यासारखंच खात्यात की!" बाबा म्हणाले, आणि बाह्या परत वर गेल्या.

तिथूनच त्यांनी काकांना फोन लावला. गावाकडं मध्यरात्र होत आली होती. काकांना वाटलं, काही वाईट घडलं. बाबा जोरात बोलत होते, कारण बँड पुन्हा सुरू झाला होता. "दादा, ऐक! हे ऐकू येतंय का? ह्या सगळ्यांची कापडं आपल्या पोरीनं केलीत. अन् मी बी कामावर हाय!"

पलीकडून काका काय म्हणाले ते मला कळलं नाही. फोन ठेवल्यावर विचारलं तर बाबा म्हणाले, "झोप मोडली म्हणून कावलाय. बघू."

बाबा तिथला पाऊस सुरू व्हायच्या आधी परत गेले. मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर घरी आले तेव्हा काकांकडं जायला मन जरा कचरत होतं. बिडकीनच्या वाटेवर गाडीतून बघत होते, तर ओळखीचं काही दिसेना. जिथं कापूस-तुरी असायच्या तिथं रुंद रस्ते, दिव्यांचे खांब, कंपन्यांची कुंपणं. काकांची निम्मी जमीन त्यात गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या होत्या. कंपन्यांत कामाला आलेली पोरं तिथं भाड्यानं राहत होती.

काकांनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग एकदम म्हणाले, "ती वाफेची इस्त्री किती लाईट खाती?"

मी सांगितलं.

"ही पोरं बारा-बारा तास कंपनीत राबत्यात. त्यांची कापडं कोण करणार? तुझी वहिनी म्हणती, पुढच्या खोलीत टाकू या दुकान. मी म्हणलं, आधी पोरीला इचारू. तिला म्हाईत असंल."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी नजर चहाच्या कपाकडं वळवली. "हसू नको," ते म्हणाले. मी हसत नव्हते. मी वाकून त्यांच्या पाया पडले, तसे ते आणखीच अवघडले आणि वहिनीला हाका मारायला लागले.

सुट्टीचा शेवटचा आठवडा मी तिथंच काढला. टेबलाची उंची वहिनीच्या कमरेला बरोबर येईल अशी सुताराकडून करून घेतली, नाहीतर पाठ जाते. पहिल्या दिवशी एक तरुण कामगार कंपनीचा निळा शर्ट घेऊन आला आणि दारातच घुटमळला. वहिनी माझ्याकडं बघायला लागली. मी पाणी आणायला आत गेले. आतून मला तिचा आवाज ऐकू आला, "या की दादा, आत या. संध्याकाळी पाहिजे का उद्या सकाळी?"